हिरव्या दोऱ्याची जुडी

“आजी, थोडं इकडं सरका. मांगं गोठा दिसून राह्यला.”

निकेशने मोबाइल उभा करायला आमच्या अंगणातली उखळ पालथी घातली होती. उखळीवर तांदळाचा डबा आणि डब्याला टेकून मोबाइल. दोनदा तो घसरून पडला. मग त्याने माझी पानाची चंची घेऊन त्याच्या पायाशी लावली, तेव्हा तो उभा राहिला.

“गोठा दिसला तं काय होते?” मी विचारलं.

“होत काई नाई. पन तिकडच्या लोकायले वाटते का पोट्टी गरीब घरची हाये.”

“मंग कोनाच्या घरची हाये?”

निकेश हसला. माझी नात उर्वशी हसली नाही. ती माझ्या शेजारी चटईवर मांडी घालून बसली होती, हात मांडीवर, नजर मोबाइलकडे. डॉक्टरकडे आपला नंबर येईपर्यंत माणसं बसतात तशी.

“कार्ड घाल न गळ्यात, कंपनीचं,” निकेश तिला म्हणाला.

“ते गेटवरच घेतलं त्यायनं.”

“बरं, राहू दे.”

निकेश ब्रह्मपुरीच्या शिलाई प्रशिक्षण केंद्रात नोकरीला आहे. गावोगावच्या मुली गोळा करायच्या, त्यांना तीन महिने मशीन शिकवायची आणि बल्लारशाहला नेऊन दक्षिणेकडच्या गाडीत बसवून द्यायचं, हे त्याचं काम. मुली त्याला सर म्हणतात. मला मात्र तो अन्नपूर्णाचा पोरगाच वाटतो. त्याची आई रोवणीत सतरा-अठरा वर्षं माझ्या डाव्या हाताला असायची. चिखलात चालताना ती माझ्या लुगड्याला धरून चाले.

“आता आयका,” तो म्हणाला. “उर्वशी पयले बोलन. मंग तुमी. उर्वशी, पाठ झालं का तुले?”

“झालं.”

“म्हनून दाखव.”

उर्वशीने शाळेतल्या प्रार्थनेसारखं म्हणून दाखवलं. “त्या दिवशी आम्ही कंपनीत आलेल्या पाहुण्यांचं स्वागत केलं. आमच्या गावाकडचं स्वागताचं गाणं म्हटलं. आम्ही कोणाकडेही काहीही मागितलेलं नाही. कंपनीत आम्हाला सगळं मिळतं.”

“अन् आजी, तुमी फक्त येवढं सांगाचं का हे आमच्याकडलं पावन्यायच्या स्वागताचं गानं हाये. म्हातारं मानूस बोललं का लोकायले पटते.”

“पन हे स्वागताचं गानं नाई, पोरा.”

“आजी,” निकेश मोबाइलकडे पाहत म्हणाला, “मले माईत नाई का?”

त्याला माहीत होतं. ब्रह्मपुरीच्या या भागात, वैनगंगेच्या काठच्या धानाच्या पट्ट्यात जन्मलेल्या कोणाला बोजारा माहीत नसेल?

रोवणी म्हणजे धानाची लावणी. चिखलात वाकून, मागे मागे सरकत पऱ्ह्यांच्या, म्हणजे धानाच्या रोपांच्या, काड्या रोवत जायचं. हंगामाच्या शेवटच्या दिवशी, शेवटच्या बांधीत, शेताच्या शेवटच्या तुकड्यात, पऱ्ह्यांची एक जुडी बाया रोवत नाहीत. ती राखून ठेवतात. मालक धुऱ्यावर, शेताच्या उंच बांधावर, उभा असतो. सगळ्या बाया चिखलाच्या पायांनी त्याच्यापुढे जातात, ती जुडी त्याच्या पायाशी ठेवतात आणि गाणं म्हणतात. त्याने वाकून जुडी उचलायची आणि बायांना बोजारा द्यायचा. कोणी तांदूळ-गूळ देई, कोणी जेवण घाली, कोणी पैसे. मजुरी वेगळी, बोजारा वेगळा. तो किती द्यायचा याचा नियम नाही, पण जुडी उचलून रिकाम्या हाताने घरी गेलेला मालक मी पाहिलेला नाही.

आमच्या गावात तेव्हा बापूजी नावाच्या मालकांची शेती मोठी होती. एका वर्षी बोजारा द्यायचं त्यांच्या जिवावर आलं. शेवटच्या दिवशी ते धुऱ्यावर आलेच नाहीत. ताप आला म्हणून निरोप धाडला. आम्ही बाया तशाच जुडी घेऊन त्यांच्या दारात जाऊन बसलो. गाणं सुरू केलं. त्यांच्या बायकोने चहा पाठवला, तो आम्ही प्यायलो नाही. दिवे लागायची वेळ झाली तेव्हा बापूजी घोंगडं पांघरून बाहेर आले. अन्नपूर्णा उठली आणि आपला चिखलाचा हात तिने सरळ त्यांच्या कपाळावर ठेवला.

“बापूजी, ताप तं उतरून गेला जी तुमचा! का आमालेच आला मनाव?”

त्यांच्या कपाळावर चिखलाची पाच बोटं उमटली. आधी त्यांची बायको हसली, मग आम्ही, मग तेही हसले. वाकून त्यांनी जुडी उचलली. त्या वर्षी आम्हाला कोलमाचे तांदूळ मिळाले होते.

जुनं ते सगळं सोनं, असं मी म्हणणार नाही. दिवसभर वाकून जे हाती पडायचं त्यात पोरांचं पोट भरत नसे. बापूजींच्या घरी नवं कौल चढत होतं तेव्हा आमच्या घरावर गवत होतं, हे मला आठवतं. पण वर्षातून एक दिवस त्यांना धुऱ्यावरून खाली उतरावं लागे, आमच्यासमोर वाकावं लागे आणि आमची तोंडं पाहावी लागत. त्या एका दिवसाची गोष्ट आम्ही वर्षभर सांगत असू.

उर्वशी लहान असताना मीच तिला रोवणीला न्यायची. गाणं तिने माझ्या पाठीमागे उभी राहूनच उचललं.

*

बारावीनंतर दोन वर्षं ती घरी होती. तिचा बाप मुखरू, माझा मुलगा, तळ्यावर मासेमारी करतो. उन्हाळ्यात तळं आटलं की तेही नाही. निकेशच्या केंद्राचा कागद गावात आला तेव्हा उर्वशी स्वतःहून नाव द्यायला गेली. तिच्याबरोबर डिंपल होती, आणखी सहा मुली होत्या, सगळ्या आजूबाजूच्या गावांतल्या.

तीन महिने शिकून ती दक्षिणेकडच्या कपड्यांच्या कारखान्यात गेली. तिथून ती फोन करायची. टी-शर्टाच्या कुशीची शिवण तिच्याकडे होती. पुढचा भाग आणि मागचा भाग जोडून बगलेपासून खालपर्यंत एक सरळ शिवण. दिवसभर तेवढीच. पूर्ण टी-शर्ट तिने कधी शिवला नाही.

“रोवनीसारखंच हाये आजी,” ती सुरुवातीला म्हणाली होती. “फक्त मांगं सरकाचं नाई. जाग्यावरच राहाचं.”

पगारातून राहणं, जेवण, हॉस्टेलची गाडी वजा व्हायची. उरायचं ते इथल्या रोवणीच्या मजुरीपेक्षा फार नसायचं. पण रोवणी महिना-दीड महिना, आणि ते बारा महिने होतं. उर्वशीला ते बारा महिन्यांचंच हवं होतं. तिच्या पैशांतून मुखरूने जाळं घेतलं, न्हाणीला दार लागलं.

एकदा फोनवर तिने मला विचारलं होतं, “आजी, मालक कसा वळखाचा?”

“म्हंजे?”

“इथी कोनीच म्हनत नाई का मी मालक हाये. पगार वाढवा म्हटलं का सुपरवायझर म्हनते माह्या हातात नाई, मॅनेजरले सांगा. मॅनेजर म्हनते कंपनीचं काई चालत नाई, बायर भाव वाढवून देत नाई. बायर म्हंजे जे बाहेरदेशातून कपडे घेते थे. अन् बायरचा मानूस आला का थो म्हनते, गिऱ्हाइकायले सस्तंच पायजे. धुरा कुठी हाये अन् धुऱ्यावर कोन हाये, तेच नाई समजत.”

मी म्हटलं होतं, “जो काम पाहाले येते थो मालक.”

मी दुसरं काय सांगणार? मी आयुष्यभर तेच पाहिलं होतं.

मे महिन्यात त्यांच्याकडे एक मोठी ऑर्डर पुरी झाली. हिरवे टी-शर्ट. महिनाभर नुसतं हिरवं, उर्वशी सांगत होती. हिरवं कापड, हिरवा दोरा, नाक शिंकरलं तर त्यात हिरवी धूळ. शेवटचे खोके भरले गेले त्या दिवशी बाहेरदेशातून बायरची बाई आली. लाइनीलाइनीतून ती फिरत होती. तिच्यासाठी जमिनीवर नवा पिवळा पट्टा रंगवला होता. सुपरवायझर आधीच सांगून गेला होता, नीट बसा, हसून पाहा, ही ऑर्डर यांचीच.

ही ऑर्डर यांचीच. आमच्या मुलींना एवढं ऐकणं पुरे झालं.

शेवटची शिवण झाली की मशीनपाशी कापलेल्या दोऱ्यांचा ढीग पडतो. उर्वशीने मूठभर हिरवे दोरे उचलले, सारखे केले आणि मधोमध दुसऱ्या दोऱ्याने आवळून बांधले. अगदी पऱ्ह्यांच्या जुडीसारखे. डिंपलने ते पाहिलं आणि तिला हसू आलं. मग बाकीच्या उठल्या. आठ जणी पिवळ्या पट्ट्याजवळ गेल्या. उर्वशीने ती जुडी त्या बाईच्या पायांपाशी ठेवली आणि गाणं उचललं.

सरली गा रोवनी, एक जुडी उरली,
धन्या तुह्या पायापाशी आनून ठेवली.
पाय आमचे चिखलात, तुहे धुऱ्यावर,
उतर गा खाली धन्या, बोजारा दे पदरभर.

“अन् मंग?” मी तिला विचारलं होतं, ती परत आली तेव्हा.

“मंग थ्या बाईनं जुडी उचलली.”

“उचलली?”

“हो. वाकली अन् उचलली. छातीले लावली. डोये भरून आले होते तिचे. आमाले वाटलं, झालं, आता थैलीतून काई काहाडते. आमी उभ्याच राहलो. तिनं मोबाइल काहाडला अन् आमचा फोटो घेतला. मंग जुडी थैलीत टाकली अन् चालली गेली.”

“काईच नाई देल्लं?”

“तिले वाटलं, आमीच तिले देल्ली.”

ती हे सांगत असताना भाकर खात होती, उभ्याउभ्याच. परत आल्यापासून ती उभ्यानेच जेवते, भराभर, चार घासांत. मी म्हणते, अवो बस, इथी कोनी घंटी वाजवत नाई. ती बसते. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा उभीच असते.

त्या बाईने गाण्याचा व्हिडिओ कुठे तरी टाकला. आमच्या कामगार भगिनींनी माझं असं स्वागत केलं, असं काहीसं लिहिलं. हजारो लोकांनी तो पाहिला. त्यांत आपल्या इकडचा कोणी तिकडे नोकरीला गेलेला असावा. त्याने खाली लिहिलं, बाई, हे स्वागत नाही, काम पुरं झालं म्हणून त्या तुमच्याकडे आपला हक्क मागत आहेत आणि तुम्ही तो न देता जुडी घेऊन आलात. मग लोक विचारू लागले, यांना तुम्ही देता तरी काय? विचारणारे वाढले. तिकडून कारखान्याला पत्र आलं. कारखान्याने पहिली कोण उठली ते शोधलं. उर्वशीला रजा म्हणून घरी पाठवलं, रजा कधी संपणार ते सांगितलं नाही. बाकी सात जणींना काढलं नाही, पण मशीनवर बसू दिलं नाही. सकाळी गाडीतून न्यायचं, स्टोअरच्या खोलीत बाकावर बसवून ठेवायचं, संध्याकाळी परत आणायचं. बसल्याचा पगार नाही.

डिंपल फोनवर रडत नव्हती. ती म्हणाली, “उर्वशी, दिवसभर हातायले काईच नसते वो. म्या नखं खाऊन टाकली सारी.”

म्हणून निकेश आमच्या अंगणात आला होता.

*

“मी बोलली तं त्यायले मशीन भेटन न?” उर्वशीने त्याला विचारलं.

“त्याच दिवशी. मॅनेजरनं सबद देल्ला मले.”

“अन् मी?”

“तुहंही होइन. पयले हे वातावरन निवलं पायजे.” त्याने माझ्याकडे पाहिलं. “आजी, खरं सांगतो. हे झालं नाई तं पुढची बॅच घेत नाई म्हनते ते. चाळीस पोट्ट्या शिकून राह्यल्या केंद्रात. त्यायच्या घरच्यायले काय सांगू मी? अन् माहीही नोकरी गेलीच समजा.”

त्याच्या शर्टाची कॉलर झिजून दुमडलेली होती. वाईट मुलगा नाही तो. वाईट असता तर मला बोलायला सोपं गेलं असतं.

“तुही माय कशी हाये?” मी विचारलं.

“गुडघे गेले तिचे. बसली का उठता येत नाई.”

“तिले सांगतलं का, कायच्यासाठी चालला म्हनून?”

तो उखळीपाशी वाकून मोबाइल सारखा करू लागला. “नाई,” तो म्हणाला.

मुखरू गोठ्याच्या आडोशाला जाळं दुरुस्त करत बसला होता. सगळं ऐकत होता. त्याला मी हाक मारली. “तू काय म्हनतो गा?”

“मी काय म्हनू माय?” तो म्हणाला. “पोट्टी म्हनन थे.”

मी तिच्याकडे तोंड केलं.

“उर्वशी, बोजारा म्हंजे भीक नोहोय. तुले माईत हाये न?”

“माईत हाये.”

“आपून मांगतला. मांगाचाच असते थो.”

“आजी,” ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, उतरलाही नाही. “म्हन न तू. डिंपलचं मशीन चालू व्हाचं हाये.”

निकेशने बोट लावलं. मोबाइलवर लाल ठिपका आला. उर्वशी बोलली. पहिल्यांदा तिने सगळं बरोबर म्हटलं, पण निकेश म्हणाला, थोडी हसून बोल. दुसऱ्यांदा ती हसली, तेव्हा “मागितलेलं नाही” म्हणायचं राहिलं. तिसऱ्यांदा कोंबडा आरवला. चौथ्यांदा सगळं जमलं. चार वेळा एकच गोष्ट सांगितल्यावर ती खरी वाटू लागते की काय कोण जाणे. चौथ्यांदा मलाही ती खरी वाटली.

मग माझी पाळी आली.

मी म्हटलं, “हे आमच्याकडचं पाहुण्यांच्या स्वागताचं गाणं आहे.” पुस्तकातल्यासारखं म्हटलं, त्याने सांगितलं तसं. एकाच वेळेत जमलं. निकेशने पुन्हा घेतलं नाही.

“गानं म्हना न आता आजी. दोन वळी.”

मी गायले. माझा आवाज आता फाटतो, पण सूर सुटत नाही. सरली गा रोवनी, एक जुडी उरली. धन्या तुह्या पायापाशी आनून ठेवली. तिसरी ओळ घ्यायला श्वास घेतला तोच निकेशने हात वर केला.

“बस आजी. दोनच पायजे. पुढच्या नको.”

मोबाइल काढून घेतल्यावर चंची उखळीवरच राहिली. ती मला आणून देताना त्याने माझ्या पायांना हात लावला. चहा ठेवू का, तेवढं मी विचारलं. तो म्हणाला, उशीर होते, आणखी दोन गावं करायची आहेत. त्याची गाडी तळ्याच्या पाळीवरून वळेपर्यंत उर्वशी चटईवरच बसून होती. मग तिने चटई गुंडाळली आणि उखळ उचलून जागेवर ठेवली.

*

आठ दिवसांनी डिंपलचा फोन आला. तेव्हा उर्वशी पऱ्हे उपटत होती आणि मी धुऱ्यावर बसले होते. उर्वशीने हात धुतले आणि फोन मोठ्या आवाजावर लावून माझ्यापाशी ठेवला.

“मशीन भेटली आमाले,” डिंपल म्हणाली.

“सातही जनींले?”

“सातही जनींले. पन येगयेगळ्या लायनीत टाकलं. दोघी एका लायनीत नाई. जेवाची सुट्टीही येगळी येगळी.”

“बरं.”

“तुह्या मशीनवर ओडिशाची पोट्टी बसली. चांगली हाये. तुहं उशीचं कापड होतं न खुर्चीवर, थे तसंच ठेवलं तिनं. तुले कई बलावून राह्यले?”

“निकेश सर म्हनते पुढच्या बॅचले.”

“पुढची बॅच तं आली वो. काल आली.”

उर्वशीने पऱ्ह्यांची मूठ पायावर आपटून मुळांची माती झटकली. “मंग तिच्या पुढच्या,” ती म्हणाली.



“अन् आयक न,” डिंपल म्हणाली, “आजीचा व्हिडिओ लय चालला मने. तिकडच्यायले आवडला. आता कंपनीत कोनी पावना आला का आमाले तेच गानं म्हनाले लावते. काल दोघं आले होते. जुडीही आमाले नाई बांधू देत, सुपरवायझर बांधून आनते. रिबिन लावून.”

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. मी फोनजवळ वाकले. “पुरं गानं म्हनता का वो पोट्टी?”

“नाई आजी. दोनच वळी. तुमी म्हटल्या तेवढ्याच.”

“अन् पावने काय देते?”

“टाळ्या देते,” डिंपल म्हणाली आणि हसली. तिचं हसू संपेपर्यंत आम्ही दोघीही थांबलो. “चाल, ठेवतो. घंटी झाली.”

उर्वशीने फोन पदराला पुसून कमरेला खोचला आणि पुन्हा पऱ्हे उपटायला वाकली. जुड्या ती सुंदर बांधते. सारख्या, आवळ, एक काडी लांब नाही की आखूड नाही. त्या दिवशीही तशाच बांधत होती.

*

हेमराजच्या बांधीत या वर्षी रोवणी गुत्त्याने दिली होती. गुत्ता म्हणजे एकरी ठराव, जितक्या लवकर आटपेल तितकं बायांचं. हेमराज बापूजींचा मुलगा. त्याने आधीच सांगून ठेवलं होतं, गुत्त्यात बोजारा धरलेला आहे, वेगळा मागायचा नाही. बाया हसल्या होत्या. सगळ्यांना माहीत होतं, तो असं दरवर्षी म्हणतो आणि दरवर्षी देतो. बापाचा ताप त्यालाही माहीत आहे.

माझ्याने आता वाकवत नाही. मी धुऱ्यावर पाण्याची घागर घेऊन बसते आणि पान खाते. माझ्यासमोर पंधरा बाया मागे मागे सरकत होत्या, त्यांच्यापुढे हिरव्या काड्यांच्या ओळी उभ्या राहत होत्या. उर्वशी पुन्हा सगळ्यांत जलद. आपली पात संपली की ती मधे थांबत नसे, शेजारणीच्या पातीत शिरायची. पूर्वी असं शिरताना ती काही तरी बोलायची, शेजारणीला चिडवायची. या वर्षी मुकाट्याने शिरत होती.

दुपार कलली तेव्हा शेवटचा कोपरा राहिला. हेमराज धुऱ्यावर येऊन उभा राहिला. पांढरा पायजमा, डोक्यावर दुपट्टा. त्याचा उजवा हात खिशात होता. मी त्याला लहानपणापासून पाहते आहे, खिशात हात घालून तो उभा राहिला म्हणजे नोट काढून ठेवलेली असते.

“काय वो बायांनो, झालं का?” तो म्हणाला. “मी काई देत नाई बरं. आधीच सांगून ठेवतो.”

“कोन मांगते तुमाले भाऊ?” चिखलातून एक बाई म्हणाली. “आमी तं तुमचं तोंड पाहाले आलो!”

बाया हसल्या. कंबर सरळ करून एकेक जण उभी राहिली. एकीने घाम पुसला, एकीने खोचलेला ओचा सोडला. गाण्यासाठी सगळ्या माझ्याकडे पाहू लागल्या. गाणं अजून मीच उचलते. मी पान थुंकून तोंड धुतलं.

“जुडी कोनाजवळ हाये?” कोणी तरी विचारलं.

“उर्वशीजवळ.”

उर्वशी कोपऱ्यात होती. एकटीच वाकलेली. तिच्या डाव्या हातात जुडी होती, शेवटची. आम्ही पाहत होतो. तिने अंगठ्याने जुडीचं बंधन सोडलं. चार काड्या घेतल्या, चिखलात रोवल्या. वीतभर सरकली. चार काड्या घेतल्या, रोवल्या.

“अवो उर्वशी! थे राखाची होती!”

तिने ऐकलं की नाही कळलं नाही. तिचा हात थांबला नाही आणि घाईतही आला नाही. हेमराज धुऱ्यावरून पाहत होता. बाया जिथल्या तिथे उभ्या होत्या. तिला अडवायला कोणी पुढे गेलं नाही. ताज्या रोवलेल्या ओळींतून कोणी चालत नाही, हे एक कारण असेल.

शेवटच्या चार काड्या तिने अगदी कोपऱ्यात, धुऱ्याला लागून रोवल्या. मग ती सरळ उभी राहिली. तिचे दोन्ही हात रिकामे होते.

हेमराजच्या पायाशी ठेवायला काही नव्हतं. मग त्याने खिशातला हात रिकामाच बाहेर काढला आणि दुपट्टा सारखा केला.

“काऊन वो?” मी तिला विचारलं, ती पाटाशी हात धुवायला आली तेव्हा.

“रोवाची होती,” ती म्हणाली. “रोवून टाकली.”

पाटाचं पाणी तिच्या कोपरापासून खाली गढूळ होत गेलं आणि मग निवळलं. तिने माझी घागर उचलून कमरेवर घेतली. बाया एकामागे एक धुऱ्यावरून घरी निघाल्या. मागच्या कोपऱ्यात तिने रोवलेल्या त्या काड्या उभ्या होत्या, चार चार, सरळ ओळीत. बाकीच्या पऱ्ह्यांत त्या आता ओळखू येत नव्हत्या.